भीमथडी तट्टू: पागेतून वाड्यावर

प्रश्न तीन भागांत आला आहे. शिवकाळात आणि पेशवाईत नावाजलेलं भीमथडीचं घोडं म्हणजे आज धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर, बिऱ्हाड वाहणारं तेच तट्टू का? तसं असेल तर त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळायला इतका उशीर का लागला? आणि आज एखादं पाळायचं झालं तर अस्सल कसं ओळखायचं? मी पशुवैद्य आहे. बारामती, इंदापूर, दौंड, फलटण या पट्ट्यात घोड्यांवर उपचार करण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला. बखरींपेक्षा घोड्याचे दात आणि खूर मला जास्त कळतात, तेव्हा उत्तरही त्याच अंगाने देतो.

आधी निकाल सांगून टाकतो. रक्ताचा धागा तोच असावा असं मानायला चांगली कारणं आहेत, पण घोडं मात्र तेच राहिलेलं नाही. दोनशे वर्षांत त्याचं काम पार पालटलं आणि ज्या कामासाठी जनावर राखतात त्या कामासारखं ते घडत जातं. राज्यगीतामुळे भीमथडीच्या तट्टांचं नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, आणि डोळ्यांसमोर येतं ते पुतळ्यातलं उंचंपुरं, मान ताठ केलेलं घोडं. तसलं घोडं शोधत भीमेच्या काठाने फिरलात तर हाती काही लागणार नाही.

मुलुख कोणता ते पाहू. थडी म्हणजे नदीचा काठ, एवढं पुरे. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता, आजचे दौंड आणि बारामती हे तालुके त्यातलेच. पण घोड्यांसाठी नावाजलेली ही एकटी थडी नव्हती. ग्रँट डफने 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात दख्खनमधल्या उत्तम आणि काटक घोड्यांचे मुलुख सांगितले आहेत ते चार: गंगथडी म्हणजे गोदावरीचा काठ, भीमथडी, नीरथडी आणि माणदेश. घोडी लहान चणीची, पण दख्खनमध्ये पैदा होणाऱ्यांत सर्वांत टणक, असा त्याचा शेरा आहे. गंगथडीचं घोडं आज कुणाला ठाऊक आहे? नीरथडीचं नाव तर नीरेकाठचे लोकही घेत नाहीत. चारांतलं एकच नाव टिकलं आणि बाकी सगळे त्याच्या पोटात गेले. आज आपण ज्याला भीमथडी म्हणतो त्यात नीरा आणि माण खोऱ्यातलं रक्त सरमिसळ झालेलं आहे. त्यात बिघडलं काहीच नाही, कारण नद्यांच्या काठाने हिंडणाऱ्या जनावराला तालुक्याची हद्द कधीच नव्हती.

याच पट्ट्यात घोडं का पिकलं, याचं उत्तर पावसात आणि मातीत आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला पन्नास-साठ मैल आलं की पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास येतो. मावळात आणि कोकणात चार महिने चिखल असतो. घोड्याचा खूर सतत ओला राहिला की मऊ पडतो, सडतो आणि मग जनावर कितीही देखणं असो, कामातून जातं. भीमेकाठी जमीन वर्षातले बरेच महिने कोरडी आणि कडक असते, मधूनमधून काळ्या खडकाचा मुरूम. अशा जमिनीवर जन्मल्यापासून चाललेल्या शिंगराचा खूर दगडासारखा होतो. दुसरं कारण खाण्याचं. काळ्या रानात रब्बीची ज्वारी आणि हरभरा. ज्वारीचा कडबा चाऱ्याला आणि हरभरा चंदीला (दाण्याच्या खुराकाला), म्हणजे घोड्याचं दोन्ही वेळचं जेवण एकाच शिवारात. माळावर कुसळी गवत असतंच. ते निकस असतं, पण या तट्टांना निकस गवतावर गुजराण करायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. भरपूर दाणा घालून मऊ गादीवर ठेवलेल्या भीमथडीच्या घोड्यांना पोटशूळ होतो आणि खुरात सूज येते, हे मी वारंवार पाहिलं आहे. त्यांची पचनाची घडणच गरिबीत झालेली आहे.

आता रक्ताचा प्रश्न. भीमथडी जात अरबी आणि तुर्की घोड्यांचा इथल्या डोंगरी तट्टांशी संकर होऊन सतराव्या-अठराव्या शतकात घडली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते ढोबळमानाने बरोबर आहे, पण संकराची गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. आपल्या किनाऱ्यावर परदेशी घोडी उतरत होती ती यादवांच्या काळापासून. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो, की तिथल्या राजाने चाच्यांशी करार केला होता: लुटीतला बाकी माल तुमचा, घोडी मात्र माझी. घोड्याची किंमत काय होती ते यावरून कळतं. पुढे बहमनी राज्य आणि विजयनगर यांच्या चढाओढीत चौल, दाभोळ, गोवा ही बंदरं घोड्यांवर गबर झाली, आणि 1510 मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगिजांनी या व्यापाराची नाडी आपल्या हातात घेतली.

या सगळ्यांत मला सर्वांत उपयोगी वाटतो तो अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी. हा 1469 च्या सुमारास एक नर घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. घोड्यापायी त्याने शंभर रूबल घातले होते. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणून अट घातली आणि मोठ्या मिनतवारीनंतर तो परत मिळाला. या माणसाने दोन गोष्टी टिपून ठेवल्या आहेत. इथे घोड्यांना हरभरा खाऊ घालतात आणि साखर-तेल घालून खिचडीही देतात, ही एक. दुसरी म्हणजे या देशात घोडी जन्मत नाहीत, बैल आणि म्हशी जन्मतात.

हे दुसरं विधान अक्षरशः घेण्यात अर्थ नाही. घोडा विकायला आलेल्या माणसाला जे विकत घेतलं जातं ते घोडं, एवढंच दिसतं. गावातल्या वाण्याचं, पाटलाचं, मेंढपाळाचं गुडघाभर गवतात उभं असलेलं तट्टू त्याच्या हिशेबात घोडंच नव्हतं. दरबारी कागदांतही तीच तऱ्हा: नोंद होते ती इराणी, अरबी, तुर्की घोड्यांची, त्यांच्या रंगांची आणि किमतींची. तट्टू मात्र सगळ्या काळात तिथेच होतं आणि सगळ्या काळात मोजदादीबाहेर राहिलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

पैदाशीच्या दृष्टीने निकितिनचा घोडा नर होता हीसुद्धा मोलाची गोष्ट. समुद्रापारचे व्यापारी चांगल्या घोड्या हातच्या जाऊ देत नसत. विकायला यायचे ते मुख्यतः नर. असे नर दहा पिढ्या येत राहिले आणि इथल्या माद्यांवर सोडले गेले तर काय होईल? बापाकडून अरबी-तुर्की रक्त, आईकडून कायम इथलं. घोडीमागून शिंगरू वाढतं. चरायचं कुठे, पाणी कुठे प्यायचं, खडकावर पाय कसा टाकायचा हे ते आईकडून शिकतं. माझ्या मते भीमथडीचा कणा इथल्या या माद्यांच्या वंशाचा आहे, आणि बाहेरच्या रक्ताचा वाटा त्या त्या काळातल्या सत्तेच्या खजिन्यानुसार कमी-जास्त होत गेला. पैसा होता तेव्हा उंची वाढली, पैसा आटला तशी ती उतरली.

निजामशाहीत मलिक अंबरने मोगलांना जेरीस आणलं ते हलक्या घोडदळाच्या जोरावर, आणि त्यातले बरेचसे स्वार याच मुलुखातले मराठे होते. शहाजीराजांची जहागीर पुणे आणि सुपे परगण्यांची. सुपं आजच्या बारामती तालुक्यात येतं, म्हणजे ऐन भीमथडीत. स्वराज्याचं पहिलं घोडदळ कुठल्या घोड्यांवर बसलं असेल याचा अंदाज बांधायला वेगळा पुरावा शोधायची गरज मला वाटत नाही. घरच्या अंगणात होती तीच घोडी.

शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना बखरकार सभासदाने दिली आहे. पागेतला बारगीर सरकारी घोड्यावर, शिलेदार स्वतःच्या. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमले मिळून एक हजारी, पाच हजारी मिळून पंचहजारी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद. माझ्यासारख्याची नजर अडते ती या शेवटच्या वाक्यावर. पंचवीस घोड्यांना एक नालबंद हे प्रमाण आजच्या कुठल्याही चांगल्या तबेल्याला शोभेल. म्हणजे कोरड्या जमिनीवर घडलेल्या टणक खुरावरही विसंबून न राहता, लांबच्या मजलांसाठी नाल मारण्याची सोय लष्करातच होती.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना महाराजांनी धाडलेलं पत्र पुष्कळांनी रयतेच्या संदर्भात वाचलं आहे: भाजीच्या देठासही हात लावू नका, या भावनेचं. ते पत्र एकदा घोड्याच्या बाजूने वाचा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच मन मानेल तसं उधळलंत तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय आहे. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर वात नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत त्यात बारकावा आहे. देशावरचं घोडं कोकणच्या पावसात चार महिने काढायचं म्हणजे काय जोखीम असते, हे लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं. ओलं गवत, बुरशी लागलेला दाणा आणि दमट जागा या तिन्हींनी आजही पावसाळ्यात घोडी दगावतात.

पेशवाईत घोडदळाचा पल्ला वाढला. 1728 मध्ये पालखेडला निजामाची कोंडी, 1737 मध्ये थेट दिल्लीच्या वेशीवर, 1758 मध्ये लाहोर आणि अटकेपर्यंत. या सगळ्या मोहिमांचं श्रेय सरसकट भीमथडीला देण्याची प्रथा पडली आहे. ती मला पटत नाही. सरदार आणि मानकरी अरबी, काठेवाडी किंवा लढाईत हाती लागलेल्या मोठ्या घोड्यांवर असत. पुण्यात हुजुरांची पागा होती, जिथे आज हुजूरपागेची शाळा आहे, आणि तिथली निवडक घोडी दूरदूरहून आणलेली असणार. भीमथडीचं तट्टू होतं ते खालच्या थरात: गावाहून स्वतःचं घोडं घेऊन आलेल्या शिलेदाराखाली आणि बाजारबुणग्यांच्या ओझ्याखाली. पालखेडला जे चाललं ते तोफखाना मागे न ओढता, गावोगावच्या कडब्यावर घोडी पोसत, रोज जागा बदलण्याच्या बळावर. दाण्यावाचून चार दिवस काढणारं घोडं त्यासाठी लागतं. असं तट्टू मेलं तरी शिलेदाराचं घर बुडत नसे. अरबी घोडा मेला तर बुडायचं.

आता एक हिशेब मांडतो. आजचं भीमथडी तट्टू खोगीर ठेवतो त्या जागी साधारण 130 सेंटीमीटर उंच असतं. या उंचीचं, अंगाने बरं असलेलं जनावर फार तर अडीचशे किलोचं. घोड्याने सतत वागवायचं ओझं त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ठेवावं, असा आम्हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण अंदाज. म्हणजे 50 किलो. स्वार कितीही काटकुळा धरला तरी खोगीर, भाला, तलवार, तोबरा आणि दोन दिवसांची शिदोरी मिळून सत्तर किलोंच्या खाली येत नाही. तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक तर त्या काळी घोड्यांवर आपण ठेवू त्यापेक्षा जास्त ओझं ठेवत, किंवा ते घोडं आजच्यापेक्षा बऱ्यापैकी मोठं होतं. मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं. मागणी आणि पैसा असताना चांगला नर मिळत होता, त्यामुळे लष्करी भीमथडी आजच्यापेक्षा उंच आणि छातीने भरलेली असावी.

1818 नंतर ही साखळी तुटली. पेशव्यांची फौज विसर्जित झाली आणि शिलेदार घोडी घेऊन गावी परतले. इंग्रजांनी 1817 मध्येच पूना हॉर्स ही घोडदळाची पलटण उभी केली होती आणि शिरूरला त्यांची छावणी होती, त्यामुळे काही काळ स्थानिक घोड्याला गिऱ्हाईक राहिलं. शिलेदारीची पद्धतही त्यांनी उचलली आणि ती पहिल्या महायुद्धानंतरच मोडीत निघाली. पण मोठ्या घोड्याची हौस इंग्रजांना फार. ऑस्ट्रेलियाहून वेलर घोडी जहाजांतून यायला लागल्यावर देशी घोड्याला पलटणीत भाव उरला नाही. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आहे. गावाच्या नावात पागा उरली, गावात नाही.

रेल्वे तर बरोबर या मुलुखाच्या छातीवरून गेली. 1858 मध्ये पुण्याला आलेली गाडी 1860 मध्ये दौंडवरून सोलापूरपर्यंत पोचली. पुढचा घाव 1876 ते 78 च्या दुष्काळाचा. दुष्काळात शेतकरी शेवटपर्यंत बैल जगवायचा प्रयत्न करतो आणि घोडं सर्वांत आधी सोडतो, कारण औताला ते लागत नाही. नंतर नीरेचा डावा कालवा आला, 1885 मध्ये. कालव्याबरोबर ऊस आणि उसाबरोबर पडीक राहिलेली कुरणं नांगराखाली गेली. 1 जून 1948 ला राज्यातली पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला धावली ती शिरूरवरून, म्हणजे या घोड्यांच्या जुन्या वाटेनेच. पाटलाच्या दारची घोडी, तालुक्याला जाणारा टांगा, डाक नेणारं तट्टू, एकेक करत सगळी उपयोगाबाहेर गेली. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेचा खुद्द काठच पाण्याखाली गेला.

एवढं सगळं होऊन जात संपायला हवी होती. ती संपली नाही ती धनगरांमुळे, आणि त्यातही धनगर बायकांमुळे. हे फारसं कुणी सांगत नाही म्हणून इथे जरा थांबतो.

दिवाळीच्या सुमारास बारामती, इंदापूर, फलटण, माण, माळशिरस, पारनेर, संगमनेर भागातले मेंढपाळ बाहेर पडतात. काही घाट उतरून कोकणात, काही देशावरच बागायती पट्ट्यात. चार-सहा कुटुंबं मिळून एक वाडा. दिवसा बाप्ये मेंढरं चारतात, रात्री ती शेतकऱ्याच्या रानात बसवतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. दोन-चार दिवसांनी रान बदलायचं. मेंढरं पुढे चरत जातात, आणि सगळा संसार घोड्यावर घालून नव्या जागी पोचवणं, पाल ठोकणं, चूल मांडणं हे काम बायकांचं. घोड्यावर काय नसतं: पीठ, भांडी, घोंगड्या, जाळी, मेखा, आजारी मेंढी, कालच जन्मलेली कोकरं, टोपलीतल्या कोंबड्या आणि त्यांच्यावर एखादं लेकरू. वाट बांधाची, ओढ्याची, घाटाची. चारचाकी तिथे जात नाही.

या कामासाठी कसलं घोडं निवडलं जाईल? बाईला एकटीने ओझं चढवता यावं म्हणून पाठ खांद्याच्या खाली हवी. लादताना ते उभं राहायला हवं. कोंबडी फडफडली तरी उधळता कामा नये. कुत्री पायांत घुटमळली तर लाथ मारता कामा नये. मोकळं सोडलं तर मेंढरांबरोबर राहायला हवं. कुठल्याही डबक्याचं पाणी प्यायला हवं. जे शिंगरू असं निपजत नाही ते बाजारात जातं, नर असेल तर खच्ची होतं. दीडशे वर्षं, म्हणजे घोड्याच्या पंधरा-वीस पिढ्या, ही निवड सतत चालू आहे. उंची उतरली, स्वभाव निवळला, चाल बेताची पण न थकणारी झाली. तुम्ही म्हणाल हा ऱ्हास आहे. माझ्या लेखी ही पैदास आहे, फक्त ती करणाऱ्याने ती वहीत लिहिली नाही. पुतळ्याच्या मापाने या घोड्याला लहान म्हणणाऱ्यांनी एकदा भरल्या ओझ्याचं तट्टू घाट उतरताना बघावं.

आता मान्यतेविषयी. भारतात घोड्यांच्या नोंदणीकृत जाती सात होत्या: मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी आणि भूतिया. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीला आठवी म्हणून मान्यता दिली ती जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाली. त्याच खेपेला अंदमानी बकरी आणि डुक्कर, छत्तीसगडची अंजोरी शेळी, आंध्रची माचेर्ला मेंढी अशा एकूण आठ जातींची नोंद झाली.

उशिराचं पहिलं कारण वर आलंच: तट्टाला घोडं म्हणून कुणी मोजलंच नाही. पशुगणनेत ते ‘गावठी’ या रकान्यात जायचं. दुसरं कारण मालकाचं. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या मागे संस्थानिक होते, नंतर श्रीमंत हौशी लोक आले. त्यांनी संघटना काढल्या, वंशावळी ठेवल्या, प्रदर्शनं भरवली. भीमथडीचा मालक वर्षातले आठ महिने गावात नसतो. अर्ज करायचा तर जातीचा प्रदेश, संख्या, मोजमापं, उपयोग आणि जनुकीय वेगळेपण हे सगळं दाखवावं लागतं. वाड्यामागे फिरत घोडी मोजायची आणि रक्ताचे नमुने घ्यायचे हे चिकाटीचं काम होतं, आणि ते बारामती परिसरातल्या अश्वपालकांच्या पाठपुराव्याने झालं. वेळही बाका होता: 2012 आणि 2019 या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातली घोडी आणि तट्टं सव्वासहा लाखांवरून 3.4 लाखांवर आली, म्हणजे साधारण 45 टक्क्यांनी घटली.

मान्यतेचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. जातीची नोंद झाली म्हणजे प्रत्येक घोड्याची वंशावळ तयार झाली असं होत नाही. बाजारात ‘नोंदणीकृत शुद्ध भीमथडी’ म्हणून कुणी कागद दाखवला तर तो कागद कुणी दिला आणि आई-बापाची नोंद कुठे आहे, हे विचारा. शंभर वर्षांपूर्वीची वंशावळ तर कुणाकडेच असू शकत नाही. थेट महाराजांच्या पागेतल्या वंशाचं घोडं म्हणून जे सांगितलं जातं ते ऐकून घ्या आणि पैसे खिशात ठेवा.

ओळखण्याबद्दल. कान आधी बघा. टोकं आत वळून एकमेकांना भिडू पाहत असतील तर मारवाडी किंवा काठियावाडी रक्त आहे, वाद नको. भीमथडीचे कान साधे, सरळ. नाकाची रेघ बाहेर फुगलेली दिसली तर कच्छी-सिंधीचा संशय घ्या. बांधा आटोपशीर, पाठ आखूड, छाती फार रुंद नाही पण खोल, पायाची नळी बारीक वाटली तरी हाताला कडक. खूर लहान, गोल, गडद आणि उभ्या भेगा नसलेला. रंगावर फार जाऊ नका. जुन्या इंग्रजी नोंदींत काळ्या पायांच्या गडद तांबूस घोड्यांचं कौतुक आहे आणि असा कुमैत आजही भरपूर दिसतो, पण अबलख (पांढऱ्या ठिपक्या-पट्ट्यांचं), सब्जा (करड्या-पांढऱ्या रंगाचं), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं असलेलं) सगळंच सापडतं. वाड्यावर रंगासाठी घोडं निवडत नाहीत. भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवणारे लोक खूप भेटतील. त्यावरून किंमत पाडून मिळत असेल तर जरूर पाडून घ्या, बाकी त्यात काही नाही.

सारंगखेडा, अकलूज, माळेगाव इथले घोडेबाजार मोठे असले तरी तिथे दिमाखाला भाव असतो, आणि पुढे येतात ती मारवाडी-काठियावाडी घोडी. भीमथडी हवं असेल तर पावसाळ्यात, मेंढपाळ गावी परतलेले असताना, वस्तीवर जा. घोडं विकायचं की नाही हे बहुतेक घरातली म्हातारी ठरवते, तेव्हा तिच्याशी बोला. ओझं लादताना आणि उतरवताना घोडं बघा, नुसतं पळवून दाखवलेलं बघू नका. वय दातांवरून पशुवैद्याकडून ठरवून घ्या. ग्लँडर्स आणि सर्रा या घोड्यांच्या दोन जीवघेण्या रोगांची रक्ततपासणी केल्याशिवाय आपल्या गोठ्यात आणू नका. सर्रा गोमाश्यांसारख्या चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो आणि फिरत्या कळपात तो दबून असू शकतो. धनुर्वाताची लस पहिल्याच आठवड्यात द्या.

आणल्यावर हरभऱ्याची चंदी एकदम सुरू करू नका. सुरुवातीला कडबा आणि वाळलं गवत, दाणा मूठभर. तासन्‌तास बांधून ठेवू नका. मोठ्या माणसाने त्यावर रोज बसायचं नसतं. दहा-बारा वर्षांच्या पोराला शिकायला, हलकी गाडी ओढायला किंवा डोंगरात सामान न्यायला ते उत्तम. पैदास करायची असेल तर एकच आग्रह आहे: उंची वाढावी म्हणून घोडीवर मारवाडी नर सोडू नका. पहिल्या पिढीत शिंगरू देखणं निघेल, चांगल्या भावात जाईल, आणि तुमच्या दावणीची भीमथडी तिथेच संपेल. खरी टंचाई नरांची आहे, कारण वाड्यावर बहुतेक नर खच्ची केले जातात. एखादं शांत, चांगल्या खुरांचं नर शिंगरू दिसलं तर ते खच्ची होण्याआधी मालकाशी बोला, दोन-तीन जणांत मिळून घ्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या घोड्यांसाठी ते फिरतं ठेवा. कुठली घोडी, कधी दाखवली, काय झालं, हे एका वहीत लिहीत चला. घोडी अकरा महिन्यांनी विते, त्यामुळे दोन हंगामांतच त्या वहीला अर्थ यायला लागेल.